लिथॉप्स घरी वाढवताना : पाणी कधी द्यायचं आणि कधी अजिबात नाही

लिथॉप्स म्हणजे ते गोट्यांसारखे दिसणारे छोटे सक्युलंट, ज्यांना लिव्हिंग स्टोन म्हणतात. आजकाल ऑनलाइन सहज मिळतात, दिसायला इतके भारी की बघताच घ्यावंसं वाटतं, आणि मग घरी आणल्यावर महिन्या-दोन महिन्यांत मऊ पडून जातात. मग लोक म्हणतात फार नाजूक झाड आहे बाबा, आपल्या हवेत जमत नाही. खरं तर लिथॉप्स अजिबात नाजूक नाहीये, नीट ठेवलं तर एकच झाड कित्येक वर्षं तुमच्याकडे राहतं. फक्त त्याचं वर्षभराचं एक ठरलेलं चक्र असतं आणि पाणी त्या चक्रानुसार द्यायचं असतं, "दर रविवारी थोडं थोडं" असं नाही. आणि दुसरं म्हणजे इंग्रजीत जे वेळापत्रक वाचायला मिळतं ते बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या हवेचं असतं, तिकडे आपल्यासारखा चार महिन्यांचा पावसाळा नसतो. त्यामुळे इथे मी सगळं आपल्या महिन्यांप्रमाणे सांगतोय. (ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मंडळींनी सगळे महिने सहाने पुढे ढकलून वाचा, तिकडे ऋतू उलटे.)

आधी झाड समजून घ्या

हे मूळचे दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातले, थोडेसे बोत्स्वानाच्या सीमेवरही. १८११ मध्ये विल्यम बर्चेल नावाचा इंग्रज वनस्पती अभ्यासक प्रिस्का गावाजवळ फिरत होता, त्याने जमिनीवरून एक विचित्र आकाराचा गोटा म्हणून उचलला तर ते झाड निघालं. लिथॉप्सची पहिली नोंद ती. पुढे १९२२ मध्ये एन. ई. ब्राउन यांनी लिथॉप्स ही वेगळी प्रजाती केली, आज तिच्यात साधारण ३७-३८ जाती धरतात आणि प्रत्येक जातीत रंग-नक्षीचे पुन्हा भरपूर प्रकार.

आपल्याला जो "गोटा" दिसतो ती पानांची एकच जोडी असते. दोन जाड पानं खालून जोडलेली, मध्ये एक फट, खाली जवळपास खोड नाहीच, थेट मुळं. निसर्गात बहुतेक अंग जमिनीत गाडलेलं असतं, वर फक्त पानांचे सपाट माथे. त्या माथ्यावर जी काचेसारखी अर्धपारदर्शक नक्षी दिसते ना, ती खिडकी असते, तिच्यातून ऊन आत जातं आणि आतल्या भिंतींवर जे हिरवं असतं तिथे अन्न तयार होतं. म्हणजे झाड जमिनीच्या खाली बसून उन्हाचा वापर करतं, मला तर हे वाचलं तेव्हापासून या झाडाकडे बघायची नजरच बदलली. श्वासाची छिद्रंही दिवसा बंद ठेवून रात्री उघडतात, पाणी वाचवायला.

बहुतेक जाती वर्षाला ५०० मिमीपेक्षा कमी पाऊस पडतो अशा भागातल्या. मुंबईत पावसाळ्यात २००० मिमीच्या वर पडतो. एवढी एक गोष्ट डोक्यात ठेवली तरी अर्धे निर्णय आपोआप बरोबर येतात.

कुठलं घ्यायचं, कधी घ्यायचं

पहिल्यांदा घेत असाल तर लेस्लिआय, ऑकॅम्पिए, हुकेराय किंवा सॅलिकोला यांपैकी घ्या. पहिल्या तीन जाती जिथून येतात तिथे पाऊस उन्हाळ्यात पडतो त्यामुळे आपल्या हवेत जरा जास्त सहन करतात, आणि सॅलिकोला चुकून जास्त पाणी झालं तरी लगेच रुसत नाही. ऑकॅम्पिए आकारानेही मोठं होतं, विटकरी-तपकिरी रंग, माझं सगळ्यात आवडतं. तो लाल-गुलाबी ऑप्टिका रुब्रा फोटोत खूप छान दिसतो पण तो सावकाश वाढतो आणि पाण्याच्या बाबतीत कडक आहे, त्याला वर्षभराचा अनुभव आल्यावर आणा.

सेलरने नाव न देता "मिक्स लिथॉप्स" म्हणून दिले तरी हरकत नाही, काळजी जवळपास सारखीच. घेताना एवढं बघा: अंग टणक हवं, माथा सपाट किंवा थोडा फुगीर हवा, उंची रुंदीपेक्षा फार जास्त नको. लांबट, फिकट, वर निमुळतं झालेलं झाड म्हणजे अंधारात वाढवलेलं. एकावर एक तीन जोड्या दिसत असतील तर पाणी जास्त दिलेलं आहे. आणि बुडाशी मानेजवळ मऊ किंवा तपकिरी डाग दिसला तर स्वस्तात मिळालं तरी सोडून द्या.

इथे एक गल्लत होते ती सांगतो, स्प्लिट रॉक म्हणून जे विकतात ते प्लायोस्पिलोस, ते वेगळं झाड. आकाराने मोठं, अंगावर बारीक ठिपके, आणि त्याला एका वेळी दोन जोड्या असणं नॉर्मल आहे. लिथॉप्सचे नियम त्याला जसेच्या तसे लावू नका.

घ्यायची चांगली वेळ म्हणजे दसऱ्यापासून पुढे फेब्रुवारीपर्यंत. जून-जुलैत कुरिअरने मागवू नका, दमट बॉक्समध्ये चार दिवस बसून झाड आतून सडायला लागलेलंच येतं, आणि एप्रिल-मेच्या उन्हात बॉक्सची भट्टी होते.

बियांच्या बाबतीत तर फारच सांभाळून. निळे, जांभळे, इंद्रधनुषी लिथॉप्स फोटोत दाखवून शंभर बियांची पाकिटं विकतात, ते सगळं खोटं आहे. लिथॉप्स राखाडी, तपकिरी, हिरवट, पिवळसर, विटकरी, गुलाबी-लाल अशा रंगात असतात, निळाशार लिथॉप्स नसतोच. त्या पाकिटातून दुसरंच काहीतरी उगवतं किंवा काहीच उगवत नाही. बाहेरच्या देशातून खऱ्या बिया मागवायच्या असतील तर आयात परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बिया कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) लागतं हेही माहीत असू द्या.

आणि एक मनापासून विनंती, सेलरला विचारा की झाडं नर्सरीत बियांपासून वाढवलेली आहेत ना. दक्षिण आफ्रिकेत गेल्या काही वर्षांत जंगलातून सक्युलंट उपटून विकण्याचा धंदा भयंकर वाढलाय, लिथॉप्सचा नातेवाईक असलेल्या कोनोफायटमचं तर अतोनात नुकसान झालंय. बियांपासून वाढवलेली झाडं भरपूर मिळतात आणि आपल्या घरात जास्त टिकतातही, त्यामुळे जंगलातून आलेलं घ्यायचं काहीच कारण नाही.

माती : खरं तर माती कमी, खडे जास्त

नर्सरीतून येताना बहुतेक वेळा ते कोकोपीटमध्ये येतं. कोकोपीट आतून ओलं राहतं वरून कोरडं दिसतं, लिथॉप्ससाठी याच्याइतकं वाईट काही नाही. आल्या आल्या झाड काढा, मुळांचं कोकोपीट बोटांनी आणि जुन्या टूथब्रशने हळूहळू सोडवा, सुकलेली केसासारखी मुळं कापली तरी चालतात, जाड मुख्य मूळ मात्र जपा. मग दोन-तीन दिवस सावलीत कागदावर तसंच पडू द्या म्हणजे मुळांच्या जखमा सुकतात. त्याला काही होत नाही, लिथॉप्स मातीशिवाय आठवडाभरही आरामात राहतं. काही सेलर तर मुळं उघडीच पाठवतात, सुकलेल्या दोऱ्यासारखी मुळं बघून घाबरू नका.

मिक्स कसं करायचं: दहा वाट्यांत आठ वाट्या खडा आणि दोन वाट्या माती-खत. खड्यात प्युमिस मिळालं तर उत्तम, नाहीतर परलाइट, नर्सरीत मिळणारं सिंडर, विटेचे कुटून केलेले तुकडे, बांधकामाच्या दुकानात मिळणारी बारीक कच, यातलं दोन-तीन मिसळून घ्या. तुकडे साधारण ३ ते ५ मिमीचे. आधी चाळून धूळ काढा आणि मग पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा, हा भाग लोक कंटाळा करून सोडून देतात आणि नंतर तीच धूळ खाली बसून सिमेंटसारखी घट्ट होते, पाणी खाली जातच नाही. उरलेल्या दोन वाट्यांत एक वाटी चाळलेली बागेची माती आणि एक वाटी चांगलं कुजलेलं गांडूळखत. जास्त खत नको.

आपल्याकडची काळी माती अजिबात वापरू नका. ती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते आणि सुकली की भेगा पडून मुळं तोडते. कोकणातली लाल मातीही चिकट असते, तीही अगदी थोडीच. समुद्राची वाळू नको, मीठ असतं.

कुंडी तीन ते चार इंच खोल, खाली भोक पाहिजेच. काचेच्या बरणीत, टेरॅरियममध्ये, भोक नसलेल्या सिरॅमिक कपात ठेवून फोटो छान येतात पण झाड जात नाही असं होत नाही. मुंबई-ठाणे-कोकणात मातीची कुंडी बरी, बाजूंनीही पाणी सुकतं. पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर अशा कोरड्या ठिकाणी प्लास्टिकची चालते, उलट उन्हाळ्यात मातीची कुंडी इतकी पटकन सुकते की बारीक मुळं मरतात. एका मोठ्या पसरट कुंडीत चार-पाच लिथॉप्स एकत्र लावले तर एकेकट्या चिमुकल्या कुंडीपेक्षा छान राहतात, ओलावा एकदम वर-खाली होत नाही. पण त्याच कुंडीत एचेव्हेरिया, जेड, हॉवर्थिया वगैरे लावू नका, त्यांना पाणी लागतं तेव्हा हे झोपलेलं असतं.

लावताना मुळं खाली आणि अंगाचा खालचा थोडासा भाग मिक्समध्ये, बाकी वर. निसर्गात गाडलेलं असतं म्हणून घरीही माथ्यापर्यंत गाडायचं असं नाही, आपल्या दमट हवेत उघडं अंग लवकर सुकतं. मग आजूबाजूला छोटे खडे पसरा, झाडाला आधार मिळतो, मान कोरडी राहते, आणि खरंच सांगतो खड्यांमध्ये बसवल्यावर ते जे काही शोधावं लागतं ना त्यातच निम्मी मजा आहे. लावल्यावर पाच-सात दिवस पाणी नाही. त्यानंतर थोडं, तेही झाड कात टाकत नसेल तरच. कात म्हणजे काय ते खाली येतंच.

ऊन

रोज चार ते सहा तास थेट ऊन पाहिजे. टेबलावर, टीव्हीशेजारी, ऑफिसच्या डेस्कवर लिथॉप्स जगत नाही, हळूहळू लांब होत जातं आणि मग सडतं. पूर्वेची बाल्कनी किंवा खिडकी सगळ्यात चांगली. दक्षिणेकडे हिवाळ्यात मस्त ऊन येतं. पश्चिमेचं दुपारचं ऊन मार्च ते मे फार जाळतं, तिथे ग्रीन नेट बांधा. उत्तरेची बाल्कनी असेल तर ग्रो लाइट लावा, रोज बारा तासांच्या आसपास, आणि अंतर दिव्याच्या ताकदीवर ठरवा: झाड लांबायला लागलं तर जवळ आणा, माथा पांढुरका पडायला लागला तर लांब न्या.

नवीन झाड एकदम कडक उन्हात ठेवायचं नाही. आधी चार दिवस फक्त कोवळं सकाळचं ऊन, मग वाढवत वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण जागेवर. जळालेला पांढरा-तपकिरी डाग त्या जोडीवर कायम राहतो. पण काळजी नको, पुढच्या वर्षी नवी जोडी आली की डागही गेला. लांबलेल्या झाडाचंही तसंच, ती जोडी परत बुटकी होत नाही, नवी जोडी मात्र पुरेशा उन्हात व्यवस्थित येते.

पाणी, महिन्यांप्रमाणे

आता मुख्य गोष्ट. हा भाग दोनदा वाचा.

दसऱ्याच्या सुमाराला पाऊस संपतो, रात्री गार व्हायला लागतात, आणि लिथॉप्स जागं होतं. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे त्याचे पाण्याचे खरे महिने. या काळात मिक्स पूर्ण कोरडं झाल्यावर आणि अंगाच्या बाजूंना बारीक सुरकुत्या दिसल्यावर पाणी द्या, साधारण दोन ते तीन आठवड्यांतून एकदा. देताना चमचा-चमचा नाही, खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत पूर्ण द्यायचं, आणि मग परत पूर्ण कोरडं होईपर्यंत विसरून जायचं. तहान ओळखायची सोपी पद्धत, संध्याकाळी अंगठा आणि बोटात बाजूने हलकेच दाबून बघा: कडक लागलं तर नको, रबरासारखं थोडं दबलं तर द्या. पाणी मिळालं की एक-दोन दिवसांत परत टणक होतं. पाणी कडेने द्या, फटीत साचू देऊ नका.

याच दिवसांत वयात आलेल्या झाडाला फटीतून कळी येते, पिवळी किंवा पांढरी डेझीसारखी फुलं, दुपारी उघडतात आणि संध्याकाळी मिटतात, असं काही दिवस चालतं. फूल कधी कधी झाडापेक्षा मोठं असतं! बियांपासूनचं झाड साधारण तीन वर्षांचं झाल्यावर फुलायला लागतं, त्यामुळे यंदा फूल नाही आलं तर खत ओतू नका, वाट बघा.

फूल संपलं की पाणी कमी करत डिसेंबरमध्ये बंद. आता आत नवी जोडी तयार होत असते. संक्रांतीच्या आसपास फट रुंदावते आणि आतून नवे माथे डोकावतात. साप कात टाकतो तसं हे झाड दरवर्षी जुनी पानं टाकतं, फक्त टाकायच्या आधी जुन्या पानांतलं सगळं पाणी आणि अन्न नवी जोडी शोषून घेते. म्हणून या काळात बाहेरून पाणी दिलं तर जुनी पानं सुकतच नाहीत, नवीन आणि जुनी दोन्ही जोड्या फुगून बसतात आणि झाड त्या गर्दीत सडतं किंवा वेडंवाकडं होतं. जुनी पानं मऊ पडतील, सुरकुततील, पिवळट होतील, झाड मरतंय असं वाटेल. काही करायचं नाही. खरंच काही करायचं नाही. ते अगदी बरोबर चाललंय.

होळी-पाडव्यापर्यंत जुनी पानं कागदासारखी पातळ कोरडी होतात. ती ओढून काढू नका, नव्या जोडीला जखम होते. आपोआप सैल झाली की चिमट्याने अलगद उचला. काही वेळा एका जोडीतून दोन जोड्या निघतात, म्हणजे तुमचं एकाचं दोन झालं, वर्षानुवर्षं असं होत होत छान झुपका बनतो. जुनी पूर्ण कागद झाली आणि नवी जोडी जरा सुरकुतलेली दिसली तर तेव्हा, फक्त तेव्हा, एकदा चांगलं पाणी द्या.

मग एप्रिल-मे. झाड झोपतं. गरम हवेत मुळं काम करत नाहीत आणि गरम ओल्या मिक्समध्ये सड एका रात्रीत पसरते. पारा चाळिशीच्या पुढे जातो तिथे, म्हणजे विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सकाळचंच ऊन द्या आणि दहा-साडेदहानंतर ५० टक्क्यांच्या ग्रीन नेटखाली. गच्चीच्या तापलेल्या फरशीवर कुंडी ठेवू नका, खाली विटा किंवा लाकडी फळी द्या. माथ्यावरसुद्धा सुरकुत्या पडल्या असतील तर महिन्यातून एकदा, रात्री, अगदी थोडं पाणी, वरचा इंचभर भिजेल एवढंच. बाजूच्या सुरकुत्यांसाठी नाही.

जूनमध्ये पहिला पाऊस पडायच्या आत सगळ्या कुंड्या छपराखाली. आणि छप्पर म्हणजे नुसतं वर नाही, आपल्याकडे पाऊस आडवा येतो, त्यामुळे बाल्कनीच्या कठड्यापासून आत सरकवा. मुंबई आणि कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये पाणी पूर्ण बंद ठेवलं तरी चालतं, हवेतच इतका दमटपणा असतो की झाड फारसं सुकत नाही. तिथे छोटा टेबल फॅन दिवसातून काही तास चालू ठेवला तर फार फरक पडतो, साचलेली दमट हवा हाच तिथला खरा शत्रू. पुणे, सातारा, नाशिककडे पावसाळा थंड असतो, दोन-तीन दिवस सलग ऊन पडलं आणि झाड सुरकुतलेलं असलं तर एखादं हलकं पाणी द्यायला हरकत नाही. ढगाळ आठवड्यात मात्र नाही, आणि ऊन कमी असल्यामुळे सगळ्यात उजेडाच्या जागी ठेवा. गणपती गेले, उघडीप मिळाली की हळूहळू परत सुरुवात.

कुठल्या महिन्यात आहोत त्यापेक्षा झाड काय दाखवतंय ते मोठं. जानेवारीत कुणाचं झाड कात टाकत नसेल आणि मार्चमध्ये टाकायला लागलं तर तुमचं वेळापत्रक मार्चपासून धरा. स्यूडोट्रंकाटेला जात तर बाकीच्यांच्या आधीच फुलते, तिचं सगळंच जरा लवकर असतं.

पाण्याबद्दल अजून एक, बोअरवेलच्या जड पाण्याने खड्यांवर आणि माथ्यावर पांढरे थर चढतात. पावसाचं साठवलेलं पाणी सगळ्यात छान. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी बरेच जण झाडांना घालतात, लिथॉप्सला नको, त्यात क्षार एकवटलेले असतात.

काय बिघडलं ते ओळखणं

अंग एका बाजूने फाटलं: पाणी जास्त झालं, विशेषतः लांब कोरड्या काळानंतर एकदम दिलं की होतं. जखम सुकते, व्रण राहतो, घाबरू नका, पाणी थांबवा.

अंग काचेसारखं पारदर्शक, मऊ, पिवळं-तपकिरी: सड. हे बहुतेक वाचत नाही. शेजारच्या झाडांपासून लगेच बाजूला करा, ते मिक्स परत वापरू नका. झुपका असेल आणि त्यातलं एकच हेड, म्हणजे एकच जोडी, सडलं असेल तर ते धारदार स्वच्छ ब्लेडने कापून बाकीचे सावलीत आठवडाभर सुकवा, कधी कधी उरलेले तगतात.

फटीत किंवा मानेशी कापसासारखे पांढरे पुंजके: पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. इअरबडला सर्जिकल स्पिरिट लावून पुसा, आठवड्याने परत बघा. स्पिरिट लावल्यावर झाड दोन दिवस सावलीत. पाणी देऊनही सुरकुत्या जात नसतील तर कुंडीतून काढून मुळं बघा, मुळांवरही हाच किडा बसतो. तसं असेल तर मुळं धुवून, सुकवून, नव्या मिक्समध्ये. कडुलिंबाचं तेल मी लिथॉप्सवर मारायला सांगणार नाही, माथ्यावर तेल राहून उन्हात डाग पडतात.

माथ्यावर बारीक करडे खरखरीत ओरखडे: लाल कोळी, कोरड्या गरम दिवसांत येतो. कोळीनाशक मिळतं ते लेबलवरच्या प्रमाणात संध्याकाळी फवारा.

पाणी देऊनही सुरकुतलेलं आणि मुळंही स्वच्छ पण सुकलेली: बारीक मुळं मेली आहेत. खड्याच्या अगदी किंचित ओल्या मिक्सवर ठेवा, ऑक्टोबर-नोव्हेंबर असेल तर दोन-तीन आठवड्यांत नवी फुटतात.

आणि गच्चीवर ठेवत असाल तर पक्षी, खारी आणि उंदीर. रसाळ पान दिसलं की चोच मारणारच, उन्हाळ्यात तर हमखास. कुंड्यांवर साधी जाळी टाका.

खत फारसं लागतच नाही. वर्षातून एकदा ऑक्टोबरमध्ये कमी नायट्रोजनचं विद्राव्य खत, डब्यावर लिहिलंय त्याच्या पावपट, बस. कुंडी तीन-चार वर्षांनी बदला, तीही ऑक्टोबरमध्येच.

बियांपासून

एकदा मोठं झाड वर्षभर सांभाळलंत की बियांकडे वळा, मला वाटतं लिथॉप्सचा खरा नाद तिथे लागतो. बी घरी करायचं असेल तर एकाच वेळी फुललेली एकाच जातीची दोन वेगळी झाडं लागतात, एकाच झाडाचे परागकण त्याच झाडाला चालत नाहीत. दुपारी फुलं पूर्ण उघडली की मऊ ब्रशने इकडचे तिकडे. मग बोंड धरतं, ते कित्येक महिने झाडावर पिकू द्या, पूर्ण सुकून तपकिरी झाल्यावर काढा. या बोंडाची कमाल म्हणजे ते कोरडं असताना घट्ट बंद असतं आणि पाण्याचा थेंब पडला की डोळ्यांदेखत पाकळ्यांसारखं उघडतं, म्हणजे निसर्गात पाऊस आल्याशिवाय बी बाहेर पडतच नाही. घरी वाटीत थोडं पाणी घेऊन त्यात बोंड टाका, लहान मुलांना नक्की दाखवा. बी धुळीइतकं बारीक असतं, कॉफी फिल्टरवर किंवा टिश्यूवर गाळून सुकवा, कोरडं ठेवलं तर कित्येक वर्षं टिकतं.

पेरणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दिवसा पंचवीसच्या आसपास असताना. नेहमीचंच मिक्स पण जरा बारीक, वरचा थर दोन मिमीच्या चाळलेल्या खड्याचा, आणि वापरायच्या आधी उकळतं पाणी ओतून गार करून घ्या म्हणजे बुरशी आणि चिलटांची अंडी जातात. खालून पाणी शोषू द्या, बी वरून नुसतं भुरभुरा, झाकू नका, त्याला उजेड लागतो. वर पारदर्शक झाकण, थेट ऊन नाही पण भरपूर उजेड. पाच ते पंधरा दिवसांत हिरवे ठिपके दिसायला लागतात. मग झाकण थोडं थोडं उघडत दोन-तीन आठवड्यांत काढून टाका. मोठ्या झाडांचे पाण्याचे नियम या पिलांना पहिल्या वर्षी लागू नाहीत, त्यांच्यात साठाच नसतो, त्यामुळे वरचा थर सुकला की स्प्रे किंवा खालून पाणी. पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा यात बरीच जातात, म्हणून पेरायचं तर भरपूर पेरा. वर्षभराने, पहिली-दुसरी कात टाकून झाली की वेगळी करा.

लेबल मात्र पहिल्या दिवसापासून लावा. जात, बी कुठून आलं, पेरल्याची तारीख. विकत घेतलेल्या बियांच्या पाकिटावर कधी कधी सी अक्षर आणि पुढे आकडा असतो, तो कोल नंबर. डेस्मंड कोल हे भाषाशास्त्राचे प्राध्यापक, त्यांनी आणि त्यांच्या पत्नी नॉरीन यांनी वर्षानुवर्षं दक्षिण आफ्रिका-नामिबिया पालथं घालून लिथॉप्सच्या चारशेच्या आसपास वसाहती नोंदवल्या, प्रत्येकीला नंबर दिला, आणि आजही त्या नंबरवरून कळतं की तुमच्या कुंडीतल्या झाडाचे पूर्वज नेमके कुठल्या टेकडीवरचे. नॉरीन यांच्या नावाची नॉरीनिए ही जातही आहे. तो नंबर असेल तर लेबलवर नक्की लिहा, नंतर झाडाकडे बघून तो कधीच कळत नाही. आणि लिहिताना मार्कर नको, आपल्या उन्हात दोन वर्षांत पुसट होतो, साध्या शिसपेन्सिलीने प्लास्टिकच्या पट्टीवर लिहा.